चष्मा, अंबाडा आणि पगारपत्रक

२००३ साली अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या एका खेळण्यांच्या कंपनीनं ग्रंथपालाची बाहुली बाजारात आणली. वीतभर उंचीची प्लॅस्टिकची बाई, डोळ्यांवर चष्मा, अंगात साधा निळा सूट, जवळ पुस्तकं. पाठीवरचं बटण दाबलं की हात वर जाई आणि बोट ओठांवर टेकू पाही, ‘श्श्श’ म्हटल्यासारखं. बाहुली एका खऱ्या बाईंवरून घडवलेली होती. नॅन्सी पर्ल हे त्यांचं नाव. सगळ्या शहरानं एकाच वेळी एकच पुस्तक वाचावं ही कल्पना त्यांनी १९९८ मध्ये सिएटलमध्ये रुजवली आणि पुढे ती अनेक देशांत गेली. आयुष्यभर लोकांना पुस्तकांबद्दल बोलतं करणाऱ्या बाईंची बाहुली लोकांना गप्प करणारी निघाली. अमेरिकेतले ग्रंथपाल दोन तट पडून भांडले. निम्म्यांना तो अपमान वाटला, निम्म्यांनी ती विकत घेऊन टेबलावर ठेवली. स्वतः पर्लबाई हसण्यावारी नेणाऱ्यांत होत्या.

आपल्याकडे कोणी अशी बाहुली काढली तर ती कशी दिसेल, हा प्रश्न मी गेली काही वर्षं भेटेल त्याला विचारत आलो आहे. पन्नाशीच्या पुढचे लोक सांगतात : पांढरा लेंगा किंवा धोतर, खिशाला पेन, समोर लांबट नोंदवही, मागे कुलूपबंद काचेची कपाटं, आणि बटण दाबलं की मान हलवून ‘पुस्तक बाहेर गेलंय’. तिशीतले सांगतात : साडीतल्या मध्यमवयीन बाई, दिवाळी अंकांचा गठ्ठा, पंख्याखाली बसून वर्गणीची पावती फाडणाऱ्या. त्याहून लहानांना मात्र चित्रच सुचत नाही. एका मुलीनं मला विचारलं, ‘काका, त्यांना पगार असतो का?’

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, कारण माझा पेशाच तसा आहे. मी ग्रंथालयशास्त्राचा पदवीधर नाही. एका सहकारी पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात माझी उमेद गेली. ग्रंथालयांच्या इतिहासाचा नाद लागला तो जुन्या स्मरणिकांमुळे. रौप्य, सुवर्ण, शतक असे महोत्सव झाले की आपली वाचनालयं स्मरणिका काढतात. माझ्याकडे अशा चाळीसेक जमल्या आहेत. हिशेबनीस माणूस कोणतंही पुस्तक शेवटून उघडतो. मीही आधी जमाखर्च पाहतो आणि त्यात ‘नोकर पगार’ ही बाब शोधतो. प्रतिमांचा इतिहास तिथून वाचला तर वेगळाच दिसतो, असा माझा अनुभव आहे. या लेखात तोच मांडायचा आहे.

सुरुवात त्या अंबाड्यापासून करू. अंबाडा, चष्मा, अविवाहित, तुसडी : ही पाश्चात्त्य प्रतिमा चित्रपटांनी जगभर नेली. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या १९४६ च्या चित्रपटात नायक जन्मलाच नसता तर त्याच्या बायकोचं काय झालं असतं, हे दाखवलं आहे. ती ग्रंथपाल झाली असती! चष्मा लावून, अंग चोरून, संध्याकाळी वाचनालयाला कुलूप लावणारी. यापेक्षा वाईट नशीब पटकथाकारांना सुचलं नाही. १९६७ मध्ये अवतरलेली ‘बॅटगर्ल’ दिवसा ग्रंथपाल असते, तेही त्याच कारणानं. हिच्यावर कोणी संशय घेणार नाही, असा तो हिशेब.

ही बाई आली कुठून? तिचा जन्म मला एका तारखेत सापडतो. ५ जानेवारी १८८७. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपाल घडवणारी पहिली शाळा सुरू झाली. मेल्विल ड्युई हा तिचा चालक. त्याची दशांश वर्गीकरण पद्धती १८७६ साली प्रसिद्ध झाली होती. आजही आपल्या वाचनालयात पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४६ असा आकडा दिसला की तो मराठी साहित्याला ड्युईनं, म्हणजे त्याच्या वारसांनी, दिलेला पत्ता असतो. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते, त्यांपैकी १७ स्त्रिया. कोलंबियाच्या विश्वस्तांना कॉलेजात स्त्रिया नको होत्या. त्यांनी वर्गखोल्या नाकारल्या, तेव्हा ड्युईनं एक अडगळीची खोली झाडूनपुसून घेतली आणि तिथे वर्ग भरवला. दोन वर्षांत त्याला शाळा उचलून आल्बनीला न्यावी लागली.

इथपर्यंतची गोष्ट स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात शोभून दिसते, आणि तशीच ती सांगितली जाते. पण आदल्याच वर्षी, १८८६ मध्ये, याच ड्युईनं पदवीधर स्त्रियांच्या संस्थेपुढे एक भाषण केलं होतं. ग्रंथपालाचं काम सुशिक्षित स्त्रीला किती योग्य आहे, हा विषय. त्यात त्यानं स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी पगार का मिळतो याचाही खुलासा केला : प्रकृती नाजूक, व्यवहाराचं शिक्षण नाही, आणि लग्न झालं की नोकरी सोडणार. पुरुष वेळेला जड खोकं उचलतो, शिडीवर चढतो, हेही त्यानं जमेस धरलं. थोडक्यात, शिकलेली माणसं स्वस्तात मिळण्याची वाट त्यानं ग्रंथालयांना दाखवून दिली. ग्रंथालयांनी ती आनंदानं धरली. १९२० च्या सुमारास अमेरिकेतल्या दर दहा ग्रंथपालांपैकी जवळजवळ नऊ स्त्रिया होत्या.

लग्न झालं की नोकरी सोडावी, असा नियम किंवा रिवाज त्या काळात शाळांप्रमाणे ग्रंथालयांतही अनेक ठिकाणी होता. म्हणजे जी टिकून राहायची ती अविवाहितच असायची. आधी नियम करायचा आणि नंतर ‘ग्रंथपालबाईंचं लग्न का झालं नाही’ याचे विनोद करायचे, असा हा प्रकार. अंबाड्याचंही तेच. १९०० च्या आसपास तिकडच्या बहुतेक प्रौढ स्त्रिया केस वर बांधत. बाकीच्या बायकांचे केस काळाबरोबर कापले गेले, मोकळे झाले. चित्रातल्या ग्रंथपालबाईंचे तेवढे तिथेच गोठले.

आणि ते ‘श्श्श’? त्याचा उगम मला इमारतींच्या नकाशांत दिसतो. अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटानं जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयांच्या इमारती बांधून दिल्या, त्यांतल्या सोळाशेंहून अधिक अमेरिकेत. त्याची अट साधी होती. इमारतीचा पैसा मी देतो. पुस्तकं, दिवाबत्ती आणि पगार तुमचे. देणगीच्या दहा टक्के रक्कम गावानं दरसाल खर्चायची. दहा हजार डॉलरची इमारत असेल तर वर्षाला हजार डॉलरांत पुस्तकं, कोळसा आणि माणूस सगळं बसवायचं. माणूस अर्थातच एक. कार्नेगीचा चिटणीस जेम्स बर्ट्रॅम यानं १९११ मध्ये ग्रंथालयाच्या इमारती कशा बांधाव्यात याचं एक पत्रक काढलं. त्यात भर होता तो एकाच ग्रंथपालाला एका जागेवरून सगळं दिसलं पाहिजे यावर. म्हणून दारासमोर मधोमध मोठं टेबल, एका हाताला मुलांची बाजू, दुसऱ्या हाताला मोठ्यांची, मध्ये भिंत नाही. मुलांचा कलकलाट आणि म्हाताऱ्यांचं वर्तमानपत्र एकाच छताखाली, सांभाळायला बाई एकटी. ती ‘श्श्श’ करणार नाही तर काय करणार? दुसरा माणूस ठेवण्याचे पैसे वाचले आणि ते तिच्या स्वभावात जमा झाले.

ड्युईबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो. १९०५ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाच्या एका सहलीत त्यानं सहकारी स्त्रियांशी केलेल्या गैरवर्तनाचा बोभाटा झाला आणि ज्या संघाचा तो संस्थापक होता त्यातूनच त्याला बाजूला व्हावं लागलं. त्याच्या नावाचं पदक मात्र चालू राहिलं. ते नाव संघानं २०१९ साली काढलं.

आता बडोदा. तिथे गोष्ट फार निराळी घडली आणि तिच्यात मराठी माणसांचा हात आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्याच वर्षी ते अमेरिकेला गेले. लिहावाचायला शिकवलेला मुलगा शाळा सुटल्यावर काय वाचणार, नाही वाचलं तर विसरणार, मग सक्तीवर केलेला खर्च वाया. असा तो रोखठोक विचार होता. १९१० च्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन इथल्या विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतलं आणि संस्थानच्या ग्रंथालय खात्याचं प्रमुखपद दिलं. बॉर्डन तीन वर्षं राहिला. १९११ मध्ये त्यानं बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग उघडला. भारतातला हा पहिलाच. महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातली हजारो पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकली. बॉर्डननं ड्युईचे आकडे आणि आपला गुरू कटर याची अक्षरं यांचा मेळ घालून बडोद्यापुरती वेगळी वर्गीकरण पद्धत बसवली.

बॉर्डन आणि बडोदा म्हटलं की लेख तिथेच संपतात. माझ्या मते खरी मौज त्यापुढे आणि त्याआधी आहे. आधी म्हणजे मोतीभाई अमीन. हे चरोतरातले शाळामास्तर. अमेरिकन साहेब येण्यापूर्वीच त्यांनी मित्रमंडळाच्या नावानं गावोगाव वाचनालयं काढायला सुरुवात केली होती. सयाजीरावांचं शहाणपण असं, की त्यांनी या मास्तरांना बाजूला सारलं नाही, खात्यात घेतलं. खेड्यातल्या वाचनालयाच्या खर्चाचे तीन वाटे ठरले. एक गावानं गोळा करायचा, तेवढाच पंचायतीनं घालायचा आणि तेवढाच सरकारनं. फिरती ग्रंथालयं होती. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या एका गावाहून दुसऱ्या गावाला जात आणि पेटी पाठवण्याचा खर्च सरकारचा असे. याच खात्याची एक शाखा जादूच्या कंदिलाची चित्रं आणि चलच्चित्रं घेऊन खेड्यांत फिरे. तेव्हा बडोदे राज्यातल्या कित्येक शेतकऱ्यांनी आयुष्यात पाहिलेला पहिला सिनेमा ग्रंथालयवाल्यांनी दाखवलेला असणार, असा माझा अंदाज आहे. अशा गावात ग्रंथपाल म्हटल्यावर ‘गप्प बसा’ म्हणणारा माणूस कोणाच्या डोळ्यांसमोर येईल?

पुढे म्हणजे जनार्दन सखाराम कुडाळकर. बॉर्डननंतर ग्रंथालयांचे हे क्युरेटर झाले. ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं त्रैमासिक १९१२ पासून बडोद्याहून निघत असे. त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभाग असायचे. वर्गीकरण, फिरत्या पेट्या, मुलांचा कक्ष असल्या विषयांवर मराठीत लिहायचं तर शब्द कुठून आणायचे, ही अडचण या मंडळींनी आपल्यापरीनं सोडवली. कुडाळकरांचं बडोद्याच्या चळवळीवरचं इंग्रजी पुस्तक १९१९ मध्ये आलं. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त आले, त्यांनीही १९२८ मध्ये असंच एक पुस्तक लिहिलं. या दोन्ही पुस्तकांत ग्रंथपाल हा खात्याचा माणूस म्हणून वावरतो. त्याला पद आहे, प्रशिक्षण आहे, वरिष्ठ आहेत, दौरे आहेत. अमेरिकेतून बॉर्डन आला, पण तिथला स्वस्ताईचा हिशेब बडोद्यानं उचलला नाही. पगार संस्थान देत होतं, आणि संस्थानच्या नोकराकडे बघण्याची लोकांची नजर कशी असते हे वेगळं सांगायला नको.

मद्रासची कथा पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालपदासाठी त्यांची मुलाखत झाली तेव्हा या कामाची त्यांची तयारी म्हणजे ब्रिटानिका ज्ञानकोशातला ग्रंथालयांवरचा लेख. जानेवारी १९२४ मध्ये ते रुजू झाले आणि काही दिवसांत कंटाळले. रिकामं टेबल, काम नाही, वाचक नाहीत. परत शिकवायला जाऊ द्या, म्हणून ते आपल्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी सांगितलं की आधी इंग्लंडला जाऊन ये, तरीही कंटाळा आला तर परत घेतो. लंडनच्या एका मोठ्या दुकानात मेकॅनो हे खेळणं पाहून त्यांना कोलन वर्गीकरणाची कल्पना सुचली, ती १९३३ मध्ये पुस्तकरूपानं आली. त्याआधी १९३१ मध्ये त्यांचे पाच सिद्धान्त आले. त्यांतला पहिला, पुस्तकं वापरासाठी असतात हा, सगळे घोकतात. त्या सिद्धान्ताचं प्रकरण मुळातून वाचावं. त्यात रंगनाथन ग्रंथालयाची जागा, वेळ, टेबल-खुर्च्या असं करत करत नोकरवर्गापाशी येतात. पुस्तक वापरलं जावं असं वाटत असेल तर ते हाती देणाऱ्या माणसाकडे बघावंच लागेल, हा तर्क त्यांनी तिथे सोडलेला नाही. १२ ऑगस्टला त्यांची जयंती ‘ग्रंथपाल दिन’ म्हणून होते. भाषणांत पाचही सिद्धान्त येतात. नोकरवर्गाचा भाग मी तरी कुठल्या भाषणात ऐकलेला नाही.

आता आपल्या घरात येऊ. मराठी मुलखातली जुनी सार्वजनिक वाचनालयं ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. रत्नागिरीचं १८२८ चं, नगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं, कोल्हापूरचं १८५० चं. पणजीतलं तर पोर्तुगीज अमदानीत १८३२ मध्ये सुरू झालं. इंग्लंडात सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा १८५० चा, हे लक्षात घेतलं म्हणजे या तारखांचं मोल कळतं. यांतली बरीच ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावानं निघाली. कलेक्टर, जज्ज, मामलेदार, वकील, सरदार यांनी वर्गणी काढली, पुस्तकं मागवली. त्यानंतर आली ती ग्रंथसंग्रहालयं. ठाण्याचं १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. ती भाषेच्या अभिमानातून जन्मली. मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक जपायचं, हा त्यांचा ध्यास. शंकर गणेश दात्यांनी ज्या जिद्दीनं मराठी ग्रंथसूची केली (पहिला खंड १९४३ चा, १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांचा), ती जिद्द याच संग्रहांच्या आधारानं उभी राहिली. माझ्यासारख्या कोणाही हौशी संशोधकाच्या उशाशी दाते असतातच.

पण दोन्ही प्रकारच्या संस्थांची घडण एकच होती. वर्गणीदार, त्यांनी निवडलेलं कार्यकारी मंडळ, अध्यक्ष, कार्यवाह, आणि मंडळानं ठेवलेला नोकर. तो नोकर म्हणजे ग्रंथपाल. त्याचं काम कपाटांच्या किल्ल्या, दाखल नोंदवही, देवघेव आणि वर्गणीची वसुली. कार्यवाह विनावेतन काम करतात, ती समाजसेवा. ग्रंथपाल पगार घेतो, म्हणून ती समाजसेवा नव्हे. त्यातूनही पगार फारच थोडा असल्यानं ती धड नोकरीही नव्हे. स्मरणिकांतले फोटो बघावेत. खुर्च्यांवर मंडळ, मागे उभे राहिलेल्यांत कडेला ग्रंथपाल, त्याच्याही कडेला शिपाई. एका स्मरणिकेत तर बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या ग्रंथपालांचा उल्लेख ‘आमचे नेहमीचे’ एवढाच आहे, नाव नाही. त्याच अंकात पंखा देणगी देणाऱ्याचं नाव दोनदा आलं आहे.

कुलूपबंद कपाटांचाही या प्रतिमेत वाटा आहे. वाचकानं यादीत नाव शोधायचं, चिठ्ठी द्यायची, ग्रंथपालानं आत जाऊन पुस्तक आणायचं. हरवलेलं पुस्तक कुठेकुठे त्याच्या पगारातून कापलं जाई. मग तो पुस्तक देताना खळखळ करणार, नवीन कादंबरी ओळखीच्या वाचकासाठी टेबलाच्या खणात ठेवणार. मुक्तद्वार पद्धत आल्यावर, वाचक स्वतः कपाटांमधून फिरू लागल्यावर, हे चित्र बदलायला हवं होतं. काही शहरांत बदललंही.

स्वातंत्र्याच्या आधी सरकारनं या प्रश्नात लक्ष घातलं तेव्हा दोन वाटा दिसत होत्या. एक बडोद्याची : ग्रंथालय हे सरकारचं काम, त्याचा माणूस सरकारचा माणूस. दुसरी, आहेत त्या लोकांच्या संस्थांना हातभार लावण्याची. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या सरकारनं १९३९ मध्ये आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९४० मध्ये आला, तोवर खेरांचं सरकार गेलं होतं आणि युद्ध सुरू झालं होतं. पुढे अंमल झाला तो दुसऱ्या वाटेनं. कोल्हापूर संस्थाननं १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला, तो भारतातला पहिला. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि कायद्याला आपलं बळ दाखवायला अवधीच मिळाला नाही. मद्रासनं १९४८ च्या कायद्यात घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर बसवला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, अंमल १ मे १९६८ पासून. आपण कर बसवला नाही. राज्य सरकार ग्रंथालय निधीत दरसाल किमान २५ लाख रुपये घालील, असं कायद्यात लिहिलं. त्या काळी ती रक्कम लहान नव्हती. आणि संस्थांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन अनुदान द्यायचं ठरलं.

या व्यवस्थेनं ग्रंथालयं वाढवली, यात शंका नाही. एके काळी राज्यातल्या मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या बारा हजारांच्या वर गेली होती. इतका विस्तार फार थोड्या राज्यांत झाला असेल. त्यांत काम करणारी माणसं वीस हजारांच्या वर. ही माणसं सरकारची नोकर नाहीत, संस्थेची आहेत. संस्थेकडे पैसा अनुदानाचा. अनुदानाचा अर्धा भाग पगारावर खर्चायचा असतो.

इथे हिशेबनिसाला राहवत नाही. २०१२ च्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३०,००० रुपये मिळू लागले. अर्धे १५,०००. भागिले बारा, महिना १,२५०. हा दर दहा वर्षं तसाच राहिला आणि त्या काळात नव्या ग्रंथालयांना मान्यता व जुन्यांना वर्गबदल देणंही थांबलेलं होतं. २०२२ च्या अखेरीस साठ टक्के वाढ जाहीर झाली. साठ टक्के ऐकायला भरघोस वाटतं. ३०,००० चे ४८,००० झाले. अर्धे २४,०००. महिना २,०००. खेड्यातली बहुतेक ग्रंथालयं खालच्याच वर्गांतली. ग्रंथपालांना वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती द्याव्यात असं सुचवणाऱ्या समित्या झाल्या, त्यांतल्या व्यंकप्पा पत्की समितीचं नाव कर्मचाऱ्यांच्या मोर्च्यांत आजही ऐकू येतं.

दोन हजारांत काम कोण करतं? घरच्या रोजीरोटीचा भार ज्यांच्या एकट्यावर नाही, असं समजलं जातं त्या. मी पाहिलेल्या लहान गावांतल्या वाचनालयांत टेबलामागे बहुधा बाई असतात. बारावी किंवा पदवी, ग्रंथालयाचा एक वर्ग पूर्ण केलेला, सकाळी अंगणवाडीत किंवा शिवणकाम, संध्याकाळी वाचनालय. त्यांना विचारलं तर ‘तेवढाच वेळ जातो’ असं म्हणतात. ड्युईनं १८८६ मध्ये जी वाट दाखवली तिच्यावर आपण सव्वाशे वर्षांनी, त्याचं भाषण न ऐकता, पोचलो आहोत. फरक इतकाच, की तिकडे निदान बाहुली निघाली.

‘सार्वजनिक काम आहे, पगाराचं काय घेऊन बसलात,’ असं मला एका वाचनालयाच्या वयोवृद्ध कार्यवाहांनी सुनावलं होतं. मंडळाची अडचण मला कळते. वर्गणी वाढवली तर वाचक जातात, इमारत गळते, वीजबिल थकतं. अनेक कार्यवाह पदरमोड करून वाचनालय चालवतात, त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण ग्रंथपाल फुकटातच शोभतो ही आपली परंपरा आहे, असं जेव्हा ते म्हणाले तेव्हा मी त्यांना नागावीचा शिलालेख सांगितला.

नागावी, इतिहासाच्या पुस्तकांत ‘नागई’, हे गुलबर्ग्याजवळ चित्तापूर तालुक्यात आहे. पूर्वीच्या निजाम राज्यातला हा भाग मराठवाड्याचा शेजार. तिथला १०५८ सालचा शिलालेख कल्याणीच्या चालुक्यांचा, पहिल्या सोमेश्वराच्या काळातला. राजाच्या एका सेनापतीनं तिथे घटिकास्थान, म्हणजे विद्यापीठच म्हणा, चालवण्यासाठी केलेल्या व्यवस्थेची ती नोंद. वेद शिकणारे दोनशे विद्यार्थी, शास्त्रं शिकणारे पन्नासेक, त्यांचे शिक्षक, आणि सहा ‘सरस्वती-भांडारिक’. भांडारिक म्हणजे भांडारी, कोठार सांभाळणारा. सरस्वतीचं कोठार म्हणजे ग्रंथसंग्रह. शिक्षकही सहाच होते : तीन वेदांचे, तीन शास्त्रांचे. शिक्षकांइतकेच ग्रंथपाल, आणि त्या सगळ्यांच्या योगक्षेमासाठी उत्पन्न तोडून दिलेलं. हा शिलालेख ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकांत ‘प्राचीन भारतातील ग्रंथालये’ या प्रकरणात एका ओळीत येतो आणि परीक्षेला दोन गुणांसाठी विचारला जातो. मी तो पगारपत्रक म्हणून वाचतो.

कार्यवाहांनी ऐकून घेतलं. ‘सहा?’ एवढंच म्हणाले. मग त्यांनी मला त्यांच्या वाचनालयाचं जुनं दप्तर पाहू दिलं. १९३० च्या दशकातल्या तीन वह्या मिळाल्या. ग्रंथपालाची सही दर महिन्याला, मोडीत. काही महिने सहीऐवजी ‘बाकी’. बाकीच्या वह्या वाळवी लागल्यानं निर्लेखनात गेल्या असं कळलं.

अशी दप्तरं अजून पुष्कळ गावांत असणार. पुस्तकं जपण्याचा कटाक्ष असतो, नोंदवह्यांना रद्दीची वाट दाखवली जाते. वाचकांपैकी कोणाच्या गावच्या वाचनालयात जुनी पगारपत्रकं, हजेरीपटं, ग्रंथपालाच्या नेमणुकीची किंवा त्याला काढून टाकल्याची पत्रं असतील, तर ती टाकू देऊ नयेत आणि संपादकांच्या पत्त्यावर मला कळवावं. मोडी मला वाचता येते. येण्याजाण्याचा खर्च माझा मी करीन.